वेड्यांच्या इस्पितळाचा जमाखर्च

१८५८ साली हिंदुस्थानातल्या इंग्रज सरकारने वेडसर माणसांबाबत एका दमात तीन कायदे केले. ३४, ३५ आणि ३६ असे त्यांचे क्रमांक. पहिल्या दोहोंचा भर वेडसर माणसाच्या इस्टेटीची देखभाल कोणी करायची यावर होता. इस्पितळांचा विचार आला तो तिसऱ्यात. हा क्रम पाहिला की पुढचं बरंच उलगडतं.

३६ क्रमांकाच्या कायद्याने रस्त्यावर भटकणाऱ्या वेड्याला धरून मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं काम पोलिसांवर टाकलं. डॉक्टरचा दाखला मिळाला की मॅजिस्ट्रेटने इस्पितळात भरतीचा हुकूम द्यायचा. नातेवाईक हमी द्यायला तयार असतील, तर माणूस त्यांच्या स्वाधीन करायचा. नावावर मालमत्ता असली तर पोटापाण्याचा खर्च तिच्यातून वसूल करायचा. ज्याच्यामागे ना माणसं ना जमीन, त्याचा भार तेवढा सरकारवर. घरात सांभाळलेल्या, कोंडलेल्या माणसांची मोजदाद या व्यवस्थेत कधी झालीच नाही.

रुग्णासोबत पोलिसांचा एक कागद यायचा. नाव, जात, धंदा आणि वेडाचं कारण. अनोळखी माणसाच्या वेडाचं कारण शिपायाला कुठून कळणार? ‘गांजा’ लिहिलं की रकाना भरायचा, आणि तेच इस्पितळाच्या वहीत उतरायचं. १८९३-९४च्या हेंप ड्रग्ज कमिशनने हे प्रकरण मुळापासून तपासलं. १८९२ साली देशभरातल्या इस्पितळांनी २२२ रुग्णांचं वेड गांजा-भांगेच्या माथी मारलं होतं. चौकशीअंती त्यांतली फार तर ९८ प्रकरणं टिकली. त्या वहीवर विसंबून वर्षानुवर्षं अहवाल छापले गेले होते, आणि मला हे फार गंभीर वाटतं. ज्या माणसाला बोलता येत नाही, त्याची हकीकत दुसऱ्याने सोयीने लिहून टाकली.

वार्षिक अहवालांत डोईमागे खर्च किती, याला मोठा मान. शिधा, कपडे, नोकरांचे पगार सगळं त्यात धरायचं. रुग्णांकडून बागकाम, विणकाम करून घ्यायचं, कुठे तेलाच्या घाण्यावर राबवायचं. काम हाच उपचार, असं डॉक्टर मनापासून मानत. पण त्या कामातून आलेली कमाई खर्चाच्या आकड्यातून वजा व्हायची. उपचार कुठे संपला आणि वसुली कुठे सुरू झाली, हे त्या कागदांवरून सांगता येत नाही.

गोऱ्यांचा हिशेब वेगळा. ईस्ट इंडिया कंपनी आपल्या वेडसर गोऱ्यांना स्वखर्चाने विलायतेला धाडायची. १८१८पासून लंडनजवळच्या हॅकनीतलं पेम्ब्रोक हाऊस त्यासाठी ठरलेलं होतं. १८७०मध्ये ही सोय ईलिंगला गेली.

इकडे मुंबईत कुलाब्याच्या इस्पितळात दाटी वाढत गेली. ठाण्यात नौपाड्याला १९०१मध्ये नवं इस्पितळ उभं राहिलं, ते शेठ नरोत्तमदास माधवदासांच्या देणगीतून. सरकारचा हात आखडता, तिथे शेठजींनी थैली सोडली. मुंबई इलाख्यात दवाखाने, धर्मशाळा अशाच उभ्या राहिल्या.

१९१२च्या कायद्याने जुने नियम एकत्र केले. १९२२मध्ये ‘असायलम’ जाऊन ‘मेंटल हॉस्पिटल’ अशा पाट्या लागल्या. खाटा मात्र गरजेच्या मानाने फारच थोड्या राहिल्या. आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६मध्ये मांडलेला आकडा असा: इंग्लंडात सुमारे ३०० माणसांमागे एक खाट, हिंदुस्थानात सुमारे ४० हजारांमागे एक.