डोळ्यांची संथ उडी

कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलमध्ये खिडकीशी बसलेल्या मित्राच्या डोळ्यांकडे तुम्ही कधी निरखून पाहिले आहे का? आटगाव सुटले की तो बाहेरचे विजेचे खांब पाहू लागतो. त्याची बुबुळे एका खांबाबरोबर हळूहळू मागे सरकतात आणि झटकन उडी घेऊन पुढच्या खांबावर येतात. खर्डी येईपर्यंत हे असेच चाललेले असते, आणि मौज अशी की, मित्राला स्वतःला त्याचा पत्ताही नसतो.

ही उडी दिसते तितकी साधी नाही. वाचताना एका शब्दावरून पुढच्या शब्दाकडे, फळ्यावरून वहीकडे नजर जाते तीही अशाच उड्यांनी. मोठ्या उडीत डोळा सेकंदाला ४०० ते ५०० अंश इतक्या वेगाने फिरतो. तिचा हुकूम सुटतो तो मस्तिष्कस्तंभातील चेतापेशींच्या एका लहानशा गटाकडून.

हा गटच झिजू लागला तर? मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातील मज्जाविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया (१९२५–२०१६) यांना काही रुग्णांत नेमके हेच दिसले. चालताना झोक जाणे, बोलताना जीभ जड होणे ही अनुमस्तिष्क झिजल्याची लक्षणे तर त्या रुग्णांत होतीच. घराण्यात चालत येणारे असे विकार जगाला पूर्वीपासून ठाऊक होते. पण एक कोणता आणि दुसरा कोणता, याबाबत तज्ज्ञांतच गोंधळ होता. वाडियांनी बोट ठेवले ते डोळ्यांवर. अशा रुग्णाला एका बाजूच्या वस्तूवरून दुसऱ्या बाजूच्या वस्तूकडे पाहायला सांगितले, की त्याची नजर उडी घेत नाही. बैलगाडीच्या चालीने तेथे पोचते. ही तपासणी करायला, लक्षात घ्या, कोणतेही यंत्र लागत नाही!

१९७१ साली वाडिया आणि त्यांचे सहकारी आर. के. स्वामी यांनी अशा नऊ कुटुंबांचा वृत्तांत ‘ब्रेन’ या इंग्लंडमधील नियतकालिकात प्रसिद्ध केला. हा एक निराळाच आनुवंशिक विकार आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

त्याचे मूळ हाती लागले ते १९९६ साली. आपल्या बाराव्या गुणसूत्रावरील एका जनुकात सी-ए-जी ही तीन रासायनिक अक्षरे लागोपाठ सुमारे २२ वेळा येतात. एखादे मूल पाटीवर एकच शब्द गिरवत सुटावे, तशी ही पुनरावृत्ती काही घराण्यांत वाढते. ती ३३ किंवा त्याहून अधिक झाली, की त्या जनुकानुसार बनणारे प्रथिन बिघडते आणि चेतापेशींना घातक ठरते. आईवडिलांपैकी एकाकडून असे सदोष जनुक आले तरी पुरे. प्रत्येक अपत्याला ते मिळण्याची शक्यता निम्मी असते. शिवाय पुढच्या पिढीत पुनरावृत्ती बहुधा आणखी वाढते, आणि मग रोग कमी वयातच गाठतो. या विकाराला आज एससीए-२ म्हणतात. १९९८ साली, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, वाडियांनी सहकाऱ्यांसह पुन्हा ‘ब्रेन’मध्ये लेख लिहिला: एससीए-२ असलेल्या सहा भारतीय घराण्यांचा, आणि निदानाच्या कामी संथ नजरेचे मोल किती याचा.

असे विकार मुक्या जनावरांनाही सोडत नाहीत. काही जातींच्या कुत्र्यांचे मागचे पाय उतारवयात लुळे पडतात. २००९ साली अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी सहकाऱ्यांसह त्याचा दुवा एसओडी-१ या जनुकाशी जोडून दाखवला. याच जनुकातील दोषांमुळे माणसालाही स्नायू निकामी करणारा एक असाध्य रोग होतो. पशुवैद्याची कसोटी तर अधिकच अवघड. त्याचा रोगी बोलत नाही, चालीवरूनच सारे ओळखायचे.

एससीए-२ वर उपाय आहे का? २०१७ साली अमेरिकेत, या जनुकाचा संदेश दडपणारे द्रव्य रोगी उंदरांना दिल्यावर त्यांच्या हालचाली सुधारल्या. माणसाचा हा रोग बरा करणारे औषध मात्र अजून नाही. ज्या घरात तो आहे तेथील तरुणाला रक्ताच्या एका तपासणीने आपल्यात तो दोष आहे की नाही हे आज कळू शकते. ते जाणून घ्यायचे की नाही, हे त्याने स्वतः, सज्ञान झाल्यावर, डॉक्टरांशी बोलून ठरवायचे असते.