घरबांधणीतील घरमालकाचा सहभाग : श्रम, निर्णय आणि दायित्व

प्रास्ताविक

सर्वसामान्य मध्यमवर्गीय कुटुंब आयुष्यात बहुधा एकदाच घर बांधते. त्यासाठी भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम, बँकेचे कर्ज आणि प्रसंगी घरातील सोनेही खर्ची पडते. चार पैसे वाचावेत आणि काम आपल्या डोळ्यांदेखत व्हावे, अशा दुहेरी हेतूने घरमालक बांधकामास हातभार लावू इच्छितो. ठेकेदार मात्र अशा मदतीस सहसा राजी नसतो. मालकाच्या दृष्टीने जो सहभाग असतो, तोच ठेकेदाराच्या दृष्टीने हस्तक्षेप ठरतो.

घरमालकास स्वतःच्या घराच्या कामात सहभागी होऊ द्यावे काय, हा प्रश्न वरकरणी दोन व्यक्तींमधील सलोख्याचा वाटतो. वस्तुतः तो दायित्वाच्या विभागणीचा प्रश्न आहे. बांधकामातील दोष बहुधा काम संपल्यानंतर, एखाद-दुसरा पावसाळा उलटल्यावर प्रकट होतात. तोपर्यंत ठेकेदाराचा हिशेब चुकता झालेला असतो आणि दोष कोणाच्या हातून घडला हे ठरविण्याचे साधन उरलेले नसते. महाराष्ट्रातील वैयक्तिक घरबांधणीच्या संदर्भात या प्रश्नाच्या तांत्रिक, कायदेशीर आणि सामाजिक बाजूंचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

पारंपरिक घरबांधणी आणि कुटुंबाचे श्रम

मालकाने स्वतःच्या घरासाठी राबणे ही ग्रामीण महाराष्ट्रात नवी गोष्ट नाही. सुतार, लोहार यांसारख्या कारागिरांकडे कौशल्याचे काम असे. माती कालवणे, पाणी वाहणे, भिंती लिंपणे, जमीन सारवणे ही कामे कुटुंबातील माणसे करीत. शेतीच्या कामात सावड आणि इर्जिक यांच्या रूपाने जी परस्पर मदत दिसते, तिचेच रूप कोकणातील घरांच्या शाकारणीत आढळते.

तथापि या परंपरेचे केवळ गुणगान करणे योग्य होणार नाही. मराठवाड्यातील धाब्याच्या घरांवर गळती थांबविण्यासाठी पावसाळ्यापूर्वी मातीचा नवा थर घालण्याची रीत होती. हे काम बहुधा घरातील माणसेच करीत. वर्षानुवर्षे थर चढत गेल्याने छताचे वजन वाढत गेले. खालच्या भिंती जाड दगडांच्या होत्या. परंतु भिंतीचे आतील व बाहेरील थर एकमेकांना जखडून ठेवणारे लांब दगड त्यांत बहुधा नव्हते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत झालेल्या किल्लारी भूकंपात जवळजवळ ८ हजार माणसे मृत्युमुखी पडली, त्यामागे हे एक प्रमुख कारण होते. आपुलकीने केलेले श्रम तांत्रिक ज्ञानाच्या अभावी घातकही ठरू शकतात, हा या घटनेचा पहिला धडा होय.

ठेक्याचे दोन प्रकार

आज वैयक्तिक घरांची कामे प्रामुख्याने दोन पद्धतींनी दिली जातात. पहिल्या पद्धतीत ठेकेदार साहित्य व मजुरी यांसह चौरस फुटाच्या दराने संपूर्ण घर बांधून देतो. दुसऱ्या पद्धतीत केवळ मजुरीचा ठेका दिला जातो. सिमेंट, वाळू, खडी, विटा आणि सळई मालक स्वतः आणून देतो.

मजुरीच्या ठेक्यात मालक पहिल्या दिवसापासून बांधकामातील भागीदारच असतो. वाळूत मातीचे प्रमाण अधिक असेल, सिमेंटच्या गोण्या ओलसर जागी पडून त्यांत गुठळ्या झाल्या असतील, तर त्याचे दायित्व गवंड्यावर येत नाही. स्लॅबच्या दिवशी खडी कमी पडली आणि काम मध्येच थांबले, तर जुन्या व नव्या काँक्रीटमध्ये कच्चा सांधा राहतो व पुढे तेथूनच पाणी झिरपते. म्हणजेच मालकाला सहभागी करून घ्यावे की नाही, हा प्रश्न अनेक ठिकाणी प्रत्यक्षात उरलेलाच नसतो. सहभाग असतोच, केवळ तो कोठेही लिहिलेला नसतो.

ठेकेदाराच्या हरकती

ठेकेदाराच्या नाखुशीमागे नफ्याचा विचार असतो, हे खरे. परंतु तिला अन्य सबळ कारणेही आहेत. बांधकाम ही एकमेकांत गुंतलेल्या कामांची साखळी आहे. भिंतीतील विजेच्या नळ्या गिलाव्यापूर्वी बसवाव्या लागतात, लाद्या गिलाव्यानंतर बसतात आणि रंगकाम अखेरीस होते. नोकरी सांभाळून केवळ रविवारी काम करणाऱ्या मालकाने एक टप्पा अंगावर घेतला व तो लांबला, तर पुढील कारागीर खोळंबतात. एकदा दुसऱ्या कामावर गेलेली गवंड्यांची जोडी हवी तेव्हा परत मिळत नाही.

दुसरी हरकत सुरक्षिततेची आहे. परांची, उघडी सळई, विजेची तात्पुरती जोडणी आणि काँक्रीट मिसळण्याचे यंत्र यांच्या सान्निध्यात अननुभवी माणसाला अपघाताचा धोका अधिक असतो.

तिसरी हरकत आदेशांच्या गोंधळाची आहे. मालक, त्याचे वडील आणि एखादे जाणकार नातेवाईक असे तिघेही गवंड्याला सूचना देऊ लागले, तर गवंडी अखेर सर्वांत सोपी सूचना पाळतो. काँक्रीट सहज पसरावे म्हणून त्यात वरून पाणी घालणे, हे त्याचे नेहमीचे उदाहरण. असे पाणी काम सुकर करते. मात्र काँक्रीटची ताकद आणि टिकाऊपणा दोन्ही घटविते.

कोणती कामे मालकाकडे असावीत?

ठेकेदाराच्या हरकती ग्राह्य असल्या, तरी सर्व कामांना त्या सारख्याच लागू होत नाहीत. एखादे काम मालकाकडे द्यावे की नाही हे तीन कसोट्यांवर ठरविता येते : त्या कामातील दोष उघड्या डोळ्यांना दिसतो काय, तो नंतर माफक खर्चात दुरुस्त करता येतो काय, आणि त्या कामाचा इमारतीच्या मजबुतीशी थेट संबंध आहे काय?

पाया, कॉलम, बीम आणि स्लॅब ही कामे या कसोट्यांना उतरत नाहीत. सळईवरील काँक्रीटचे आवरण अपुरे राहिले, तर ते काँक्रीट ओतल्यावर दिसत नाही. कालांतराने सळई गंजून फुगते, काँक्रीट फुटते आणि दुरुस्तीचा खर्च मूळ कामाहून कितीतरी अधिक होतो. सेंटरिंग काढण्याचेही तसेच आहे. आयएस ४५६ : २००० या भारतीय मानकानुसार सर्वसाधारण परिस्थितीत साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालील टेकू किमान ७ दिवस, तर त्याहून मोठ्या गाळ्याच्या स्लॅबखालील टेकू किमान १४ दिवस ठेवणे आवश्यक आहे. भाडे वाचविण्यासाठी ते लवकर काढण्याचा आग्रह मालकाने धरू नये आणि ठेकेदाराने तो मानू नये. याउलट रंगकाम, कुंपण, अंगणातील फरसबंदी, बागेची आखणी आणि राडारोडा उचलणे ही कामे मालकाकडे सोपविण्यास हरकत नाही.

या दोहोंच्या मध्ये एक काम असे आहे, की ज्यात मालकाचा सहभाग केवळ चालण्याजोगाच नव्हे, तर इष्ट आहे. ते काम म्हणजे नव्या बांधकामावर पाणी मारणे. सिमेंट वाळून घट्ट होते, असा एक सार्वत्रिक समज आहे. प्रत्यक्षात सिमेंट व पाणी यांच्या रासायनिक संयोगाने त्यास ताकद येते आणि त्यासाठी ओलावा टिकून राहणे आवश्यक असते. उपरोक्त मानकानुसार साध्या पोर्टलँड सिमेंटच्या काँक्रीटचा पृष्ठभाग किमान ७ दिवस, तर मिश्र सिमेंटच्या काँक्रीटचा किमान १० दिवस सतत ओला ठेवावा लागतो. मिश्र सिमेंटच्या बाबतीत हा कालावधी १४ दिवसांपर्यंत वाढविण्याची शिफारस आहे. कोरड्या व उष्ण हवेत कोणत्याही परिस्थितीत तो १० दिवसांहून कमी असू नये. गवंडी स्लॅब टाकून दुसऱ्या कामावर जातो. पहाटे, दुपारी व रात्री पाणी मारण्यास जागेवर कोणी नसते. ही उणीव मालकाइतकी निष्ठेने दुसरा कोणी भरून काढू शकत नाही. या कामास कौशल्य कमी लागते. सातत्य मात्र लागते.

कायद्याची बाजू

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ६७ मध्ये या प्रश्नाशी थेट संबंधित तत्त्व आढळते. वचन पूर्ण करण्यासाठी आवश्यक त्या वाजवी सोयी वचनग्रहीत्याने पुरविल्या नाहीत, तर त्यामुळे राहिलेल्या कामाच्या दायित्वातून वचनदाता मुक्त होतो. या कलमाचे उदाहरणही घरदुरुस्तीचेच आहे : घराची दुरुस्ती कोठे करावयाची हे मालकाने दाखविले नाही, तर त्यामुळे न झालेल्या कामाबद्दल दुरुस्ती करणाऱ्यास जबाबदार धरता येत नाही. मालकाने अंगावर घेतलेले काम वेळेवर केले नाही, तर ठेकेदाराच्या विलंबाबद्दल तक्रार करण्याचा त्याचा अधिकार दुबळा होतो, असा याचा व्यावहारिक अर्थ आहे.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये सेवेच्या व्याख्येत गृहबांधणीचा समावेश आहे. त्यामुळे सदोष बांधकामाविरुद्ध ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. परंतु साहित्य मालकाचे, काही श्रम मालकाचे आणि उर्वरित काम ठेकेदाराचे असेल, तर सेवेतील त्रुटी नेमकी कोणाची हे सिद्ध करणे कठीण होते. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ नुसार सदनिकेतील संरचनात्मक दोषांसाठी प्रवर्तकावर ५ वर्षांचे दायित्व आहे. मात्र स्वतःच्या जागेवर घर बांधून घेणाऱ्या मालकाचा ठेकेदार हा प्रवर्तक नसतो. म्हणून वैयक्तिक घराच्या बाबतीत लेखी करार हाच मालकाचा मुख्य आधार ठरतो. दुर्दैवाने असा करार बहुधा वहीच्या एका पानावर, दर आणि हप्ते यांपुरताच लिहिला जातो.

किल्लारी ते घरकुल : सहभागाचा सार्वजनिक अनुभव

किल्लारी भूकंपानंतर राज्य शासनाने जागतिक बँकेच्या साहाय्याने राबविलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात दोन भिन्न मार्ग अवलंबिले गेले. सर्वाधिक हानी झालेल्या गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. तेथील घरे प्रामुख्याने ठेकेदार व देणगीदार संस्था यांनी बांधली. त्याहून कितीतरी मोठ्या संख्येने असलेल्या अन्य गावांत घरमालकांना अर्थसाहाय्य व तांत्रिक मार्गदर्शन देऊन आपापल्या घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करण्याची जबाबदारी त्यांच्यावरच सोपविण्यात आली. या दुसऱ्या मार्गात गावोगावच्या महिला संवाद सहायक म्हणून पुढे आल्या. घराचा खर्च, साहित्य आणि भूकंपरोधक रचनेची माहिती त्यांनी कुटुंबांपर्यंत पोहोचविली. ज्या भागात अज्ञानातून केलेल्या श्रमांनी घरे धोकादायक झाली होती, त्याच भागात माहितीची जोड मिळालेला मालक मजबुतीकरणाचा वाहक झाला.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मध्येही हेच सूत्र दिसते. किमान २५ चौरस मीटरच्या घरकुलासाठी सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपयांचे साहाय्य हप्त्यांनी देताना, घर लाभार्थ्याने स्वतः बांधावे अथवा स्वतःच्या देखरेखीखाली बांधून घ्यावे, शासनाने ठेकेदार नेमू नये, असे मार्गदर्शक सूचनांत नमूद केले गेले. त्याच सूचनांत ९० ते ९५ दिवसांच्या अकुशल मजुरीची तरतूद रोजगार हमीशी जोडण्यात आली. घरमालकाच्या श्रमाला मोल असते, याची ही शासकीय मान्यताच होय. खासगी ठेक्यात मात्र मालकाने केलेल्या कामाची वजावट किती, यावरूनच पहिला वाद उद्भवतो.

श्रम की निर्णय?

ब्रिटिश वास्तुविशारद जॉन टर्नर यांनी पेरूमधील वसाहतींच्या अनुभवावरून १९७० च्या दशकात असे प्रतिपादन केले, की घरबांधणीत खरे महत्त्व निर्णय कोणाच्या हाती आहे याला असते. मालकाने स्वतः विटा वाहिल्या की नाही, ही बाब दुय्यम आहे. नवी मुंबईतील बेलापूर येथे चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात साकारलेली गृहवसाहत या दृष्टीने उद्बोधक आहे. तेथे शेजारच्या घरांत सामाईक भिंती ठेवल्या नाहीत. परिणामी प्रत्येक कुटुंबाला गरजेप्रमाणे आपले घर वाढविण्याची मोकळीक मिळाली. पुढे अनेक मूळ घरांचे रूप पार बदलले. सहभागाचा परिणाम आराखडा करणाऱ्याच्या कल्पनेबाहेर जाऊ शकतो, हेही त्यावरून दिसते.

मालकाच्या निर्णयाची योग्य वेळ काम सुरू होण्यापूर्वीची असते. स्वयंपाकघरातील ओटा, पंख्याची जागा, नळ आणि विजेचे बिंदू आधी ठरले, तर सहभाग उपकारक होतो. तेच निर्णय स्लॅब पडल्यावर बदलले, तर भिंती फोडाव्या लागतात. क्वचित नळीसाठी बीमही कोरला जातो आणि घराच्या मजबुतीस कायमची बाधा पोहोचते.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे म्हणता येईल, की ठेकेदाराने घरमालकाचा सहभाग नाकारू नये. परंतु तो अलिखित स्वरूपात स्वीकारूही नये. मालकाची कामे, त्यांची मुदत, त्यांपोटी होणारी वजावट आणि त्यांतील दोषांचे दायित्व करारात स्वतंत्रपणे नोंदविले जावे. मजबुतीशी निगडित कामे मालकाच्या हाती देऊ नयेत; मात्र काँक्रीट ओतण्यापूर्वी सळई पाहण्याचा आणि अभियंत्याकडून ती तपासून घेण्याचा त्याचा हक्क अबाधित असावा. गवंड्यास सूचना देणारी व्यक्ती एकच असावी. पाणी मारण्याचे काम मालकाकडे असल्यास त्याची तारीखवार नोंद ठेवावी.

अशी नोंद अविश्वासाची खूण मानण्याचे कारण नाही. पावसाळ्यात भिंतीला ओल आली, तर मालक व ठेकेदार या दोघांनाही त्या नोंदीकडे बोट दाखविता येते आणि दुरुस्ती कोणी करावयाची याचा निवाडा भांडणावाचून होऊ शकतो. ज्या कुटुंबाची सारी पुंजी त्या चार भिंतींत गुंतलेली असते, त्याच्या दृष्टीने हे संरक्षण मजुरीत वाचलेल्या चार पैशांहून अधिक मोलाचे आहे.