पॉइंट किती, यापेक्षा कुणाविरुद्ध?

नॅशनल हॉकी लीगच्या ड्राफ्टपूर्वी (संघांनी ठरलेल्या क्रमाने तरुण खेळाडूंचे हक्क घेण्याची प्रक्रिया) आइस हॉकीतल्या होतकरू मुलांचे तक्ते फिरू लागतात. ज्याचे पॉइंट (स्वतःचा गोल किंवा सहकाऱ्याच्या गोलला मदत, प्रत्येकी एक) जास्त तो सरस, असा त्यांचा अर्थ लावला जातो. आकडे समोर असल्यामुळे तसे वाटणे स्वाभाविक आहे. पण ते वेगवेगळ्या लीगमधले असतात. शालेय स्पर्धेतल्या धावा आणि रणजीतल्या धावा आपण एका तराजूत घालत नाही, तसेच हे.

2016चे उदाहरण फार बोलके आहे. मॅथ्यू कचकने कॅनडातल्या ऑन्टॅरिओ हॉकी लीगमध्ये 57 सामन्यांत 107 पॉइंट मिळवले. ऑस्टन मॅथ्यूजचे होते 36 सामन्यांत 46. तरी टोरांटोने मॅथ्यूजला पहिल्या क्रमांकावर निवडले; कचक सहावा गेला. कारण कचकसमोर बहुतेक समवयस्क मुले होती, तर मॅथ्यूज स्वित्झर्लंडच्या सर्वोच्च लीगमध्ये मुरलेल्या प्रौढ व्यावसायिकांशी झुंजत होता.

जन्मतारीखही पाहावी. ड्राफ्टच्या वर्षी 15 सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण व्हावी लागतात. मॅथ्यूज 17 सप्टेंबर 1997चा. दोन दिवसांनी त्याचा 2015चा ड्राफ्ट हुकला, आणि तयारीला आणखी एक वर्ष मिळाले. या वयात एक वर्ष फार मोठे असते.

म्हणून तक्ता वाचताना पॉइंटच्या आधी लीग आणि जन्मतारीख हे दोन रकाने पाहा.