कर्करोगाचे जनुक कोंबडीत आले कोठून?

कोंबडी पाळल्याने किंवा खाल्ल्याने माणसाला कर्करोग होतो काय, असे आम्हाला वरचेवर विचारले जाते. कोंबड्यांना विषाणूंमुळे कर्करोग होतो, हे खरे. न्यूयॉर्कच्या पेटन राऊस यांनी १९११ साली एका कोंबडीच्या गाठीचा रस पेशी गाळून दुसऱ्या कोंबडीला टोचला, आणि तिलाही गाठ आली. या कामाचे नोबेल पारितोषिक त्यांना १९६६ साली मिळाले. पंचावन्न वर्षे थांबावे लागले बिचाऱ्यांना!

कोंबड्यांच्या अशाच एका विषाणूमुळे तांबड्या रक्तपेशी तयार करणाऱ्या कोवळ्या पेशी बेसुमार वाढतात. तुरा फिकट पडतो, पक्षी खंगतो. या विषाणूत 'अर्ब-बी' नावाचे कर्करोग घडविणारे जनुक असते. ते विषाणूचे स्वतःचे असावे असे कोणालाही वाटेल. परंतु १९८४ साली लंडनच्या संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या वारेतून व कर्कपेशींतून काढलेल्या एका निरोगी कामाच्या प्रथिनाची घडण तपासली, तेव्हा ती अर्ब-बीशी जुळली. म्हणजे जनुक कोंबडीचेच. विषाणूने तिच्या पेशीत शिरून, बाहेर पडताना ते बरोबर नेलेले, आणि तेही अर्धेमुर्धे.

ते निरोगी प्रथिन म्हणजे वाढीचा निरोप घेणारा रिसेप्टर. त्याचा एक भाग पेशीच्या बाहेर, मधला आवरणात रुतलेला, उरलेला आत. वाढीचा निरोप आणणारे द्रव्य स्टॅनली कोहेन यांना उंदरांच्या लाळग्रंथीत सापडले होते. ते टोचल्यावर पिल्लांचे डोळे लवकर उघडत. हे द्रव्य बाहेरच्या भागाला चिकटले की दोन रिसेप्टर जोडीने येतात, आतला भाग जागा होतो आणि पेशीला 'वाढ' असा हुकूम जातो. काम झाले की पेशी रिसेप्टर आत ओढून घेते.

आपल्या विहिरीवरील पंपाचे उदाहरण घ्या. स्टार्टरचे बटण दाबले तर पंप चालतो, बंद केले तर थांबतो. कोणी स्टार्टर काढून वायर थेट जोडली, तर वीज आहे तोवर पंप चालूच. शेत बुडाले तरी त्याला पत्ता नाही. विषाणूच्या अर्ब-बीत नेमका बाहेरचा, निरोप घेणारा भाग जवळजवळ सगळा तुटलेला असतो. निरोप नसतानाही आतला भाग हुकूम सोडीत राहतो. आतील शेपटाचाही तुकडा गेलेला असतो, आणि कोणत्या प्रकारच्या पेशी बिघडणार हे पुष्कळसे त्या शेपटावर ठरते. शिवाय जनुक आता विषाणूच्या ताब्यात असल्याने प्रथिन भरमसाट बनते.

कोंबडीचा हा विषाणू माणसात कर्करोग करतो, असा पुरावा नाही. माणसात ब प्रकारची कावीळ व गर्भाशयमुखाचा कर्करोग यांच्यामागे विषाणू आहेत. पण ते असे चोरलेले जनुक आणीत नाहीत. एका ताटात जेवल्याने तर कर्करोग मुळीच लागत नाही. तरी अजून काही घरांत रुग्णाची ताटवाटी वेगळी ठेवतात, याचे आम्हाला फार वाईट वाटते.

माणसात हाच रिसेप्टर विषाणूवाचून बिघडतो. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत बाहेरचा भाग शाबूत असतो, पण आतील भागात लहानसा बदल होऊन तो चालू राहतो, हे २००४ साली कळले. अशा रुग्णांना आतल्या भागावर नेम धरणाऱ्या जेफिटिनिबसारख्या गोळ्या उपयोगी पडतात. म्हणून डॉक्टर आधी गाठीचा तुकडा तपासणीला पाठवितात. तो बदल आढळला नाही तर सहसा दुसरे उपचार करतात. आपल्याला चांगले औषध नाकारले, असा अर्थ रुग्णाने घेऊ नये.