अळवावरचे पाणी आणि मधमाशीची स्मृती

अळवावरचे पाणी ही आपल्याकडची जुनी उपमा. थेंब क्षणभर मोत्यासारखा चमकतो आणि घरंगळून जातो. रसिकाला त्यात सौंदर्य दिसते, फवारणी करणाऱ्या शेतकऱ्याला मात्र नुकसान! कांदा, कोबी यांची पानेही अशीच मेणचट. औषध पानावर ठरलेच नाही, तर पैसा मातीत गेला. म्हणून पंपात औषधाबरोबर थोडे ‘स्टिकर’ किंवा ‘स्प्रेडर’ ओततात. त्यातला सर्वांत प्रभावी प्रकार सिलिकोनचा.

त्याची करामत पाहण्यासारखी असते. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ एकक असतो. हजार भाग पाण्यात एक भाग हे द्रव्य मिसळले की तो २२ च्या आसपास येतो. थेंब पापुद्र्यासारखा पसरतो आणि पानाच्या सूक्ष्म छिद्रांतूनही आत शिरतो.

मला प्रश्न पडतो तो पुढचा. काम संपल्यावर हे द्रव्य जाते कुठे? रसायनशास्त्राचे उत्तर काहीसे दिलासा देणारे आहे. पाणी आम्ल किंवा अल्कधर्मी असेल तर त्याचा रेणू लवकर तुटतो आणि त्याची पसरण्याची शक्ती जाते. उदासीन पाण्यात मात्र तो बराच टिकतो. म्हणजे ‘विघटन होते’ एवढे म्हणून भागत नाही. कुठे आणि किती दिवसांत, हेही विचारले पाहिजे.

हा प्रश्न अमेरिकेत मधमाश्यांच्या निमित्ताने पुढे आला. कॅलिफोर्नियातील बदामाच्या बागा फुलतात तेव्हा देशभरातून पेट्या तेथे नेल्या जातात आणि त्याच बहरात फवारणीही होते. पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले, की हे द्रव्य अल्प प्रमाणात पोटात गेलेल्या माश्या मेल्या नाहीत, पण फुलाचा वास आणि गोडवा यांची सांगड घालायला नीट शिकेनात. पुढे २०१७ मध्ये आणखी एक गोष्ट उघड झाली. हे द्रव्य आणि एक विषाणू एकत्र आले, की मधमाशीच्या अळ्या जास्त मरतात.

आणि गंमत पाहा, तेथील कायद्याच्या भाषेत ही द्रव्ये ‘निष्क्रिय घटक’! किडीला मारत नाही म्हणून निष्क्रिय, एवढाच त्याचा अर्थ. निरुपद्रवी असा अर्थ आपण काढतो.

हे द्रव्य टाकूनच द्यावे, असे मी म्हणणार नाही. फवारा पानावर नीट बसला, तर औषध वाया जात नाही, हाही फायदाच. पण कांद्याचे बी धरायला मधमाशी लागते, हे विसरून चालणार नाही. फुलोऱ्यात शक्यतो फवारू नये; फवारायचेच झाले तर माश्या पोळ्यात परतल्यावर, संध्याकाळी. मात्रा बाटलीवर लिहिली आहे तेवढीच घ्यावी. पंप विहिरीवर किंवा ओढ्यात धुऊ नये. एवढे पाळायला खर्च काहीच येत नाही.