हुकूम न मानणारा डॉक्टर

मुलाचे नाव ठेवताना आईबाप मनात काय काय योजतात, हा मोठा गमतीचा विषय आहे. आमच्या कॉलेजातल्या हजेरीपटावरून नुसती नजर फिरवली तरी मराठी घरांच्या आवडीनिवडींचा सारा इतिहास हाती लागतो. परंतु ब्राझीलच्या उत्तरेकडील बेलेम शहरात राहणाऱ्या रायमुन्दो नावाच्या एका सरकारी नोकराने जे केले, त्याला आमच्या हजेरीपटातही तोड नाही. गृहस्थांचे शाळेतले शिक्षण बेताचे, पण वाचनाचा नाद विलक्षण. प्लेटोने त्यांना असे काही झपाटले होते की १९ फेब्रुवारी १९५४ रोजी पहिला मुलगा झाला, तेव्हा त्यांनी त्याचे नाव चक्क सॉक्रेटिस ठेवले! पुढच्या दोघांची नावे सोस्तेनिस आणि सोफोक्लिस. चौथ्यापासून मात्र ग्रीस संपला आणि रायमुन्दो, रायमार, राई अशी घरगुती नावे सुरू झाली. बहुधा बाईंनी ‘आता पुरे’ म्हटले असावे.

पोर्तुगीज जिभेवर या नावाचे ‘सोक्रातिस’ होते. आपणही त्याला तसेच म्हणू, म्हणजे अथेन्सच्या म्हाताऱ्याशी घोटाळा व्हायचा नाही. हा सोक्रातिस पुढे पदवीधर डॉक्टर झाला आणि ब्राझीलच्या फुटबॉल संघाचा कप्तानही झाला.

थोर खेळाडूंच्या चरित्रांची एक ठराविक चाल असते. पेले लहानपणी बूट पॉलिश करीत असे. मॅराडोना ब्युनोस आयरिसच्या वेशीवरच्या गरीब वस्तीत वाढला. आधी भूक माणसाला पळवते, मग कीर्ती पळवते, आणि पुढे पळायची सवयच जडते. सोक्रातिसला ही चाल लागू पडत नाही. घर खाऊनपिऊन सुखी. वळण आपल्या पांढरपेशा घरांतले, म्हणजे आधी शिक्षण आणि मग काय तो खेळ. पोटासाठी चेंडूला पाय लावायची त्याला गरज नव्हती. मग हा माणूस कशासाठी खेळला?

याचे उत्तर शोधायला मैदानाआधी वडिलांच्या पुस्तकांकडे जावे लागते. १९६४ च्या मार्चअखेर ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता बळकावली. रायमुन्दोंचे कुटुंब तोवर दक्षिणेस, साओ पावलो प्रांतातील रिबेरांव प्रेतो या गावी येऊन राहिले होते. नव्या राज्यात घरात काय सापडले तर काय होईल याचा नेम नव्हता. रायमुन्दोंनी रशियन बोल्शेविकांविषयीचे एक पुस्तक बाहेर काढले आणि जाळून टाकले. दहा वर्षांचा सोक्रातिस ते पाहत होता. ज्या बापाने पुस्तकातून मुलाचे नाव काढले, तोच बाप हाताने पुस्तक जाळतो आहे! दारात शिपाई उभा नव्हता, कुणी धमकी दिली नव्हती. हुकूम नुसता हवेत होता. आयुष्यभर सोक्रातिस ही आठवण मुलाखतींतून सांगत राहिला. राजकारण म्हणजे काय ते आपल्याला त्या दिवशी प्रथम कळले, असे त्याचे म्हणणे. त्याच्या खेळाचे आणि जगण्याचे मूळ मला तिथेच दिसते. दुसऱ्याच्या हुकमाने आपला हात हलता कामा नये, हा त्याच्या मनाचा हट्ट त्या आगीत तयार झाला.

रिबेरांव प्रेतोच्या मेडिकल कॉलेजात असतानाच तो गावच्या बोताफोगो संघातून खेळू लागला. सकाळी रुग्णालय, दुपारी व्याख्याने. सरावाला वेळ कुठला? देहयष्टीही फुटबॉलला सोयीची म्हणता येणार नाही. उंची सहा फुटांच्या चांगलीच वर, बांधा काडीसारखा, आणि एवढ्या उंचीच्या मानाने पावले अगदी लहान. अशा माणसाला झटकन गर्रकन वळता येत नाही. सोक्रातिसने यावर तोड काढली ती अशी, की वळायचेच नाही! पाठ असेल तिकडे असू द्यावी आणि चेंडू टाचेने मागे ढकलावा. दुसरे खेळाडू प्रेक्षकांना रिझवण्यासाठी कधीमधी टाचेचा प्रयोग करतात. याची ती रोजची भाषा होती. चेंडू पायाशी येण्यापूर्वीच मागे कोण उभा आहे हे त्याने हेरलेले असे. पळण्याची उणीव तो विचाराने भरून काढी. तात्पर्य, खाटेवरच्या रोग्याला आणि मैदानावरच्या प्रतिस्पर्ध्याला तो एकाच नजरेने न्याहाळत असला पाहिजे.

१९७८ साली, डॉक्टरकीची पदवी खिशात घालून, तो साओ पावलोच्या कोरिंथियन्स क्लबात आला. हा कामगारांचा क्लब, १९१० साली कामगारांनीच काढलेला. चार वर्षांनी स्पेनमध्ये भरलेल्या जागतिक स्पर्धेत तो ब्राझीलचा कप्तान होता. सिगारेटचा मोठा षोकीन. पण त्या स्पर्धेसाठी तिला आवर घालून त्याने शरीर कमावले. मी तेव्हा पाळण्यात होतो. ते सामने मी पाहिले ते फार पुढे, चित्रफितीवर. रशियाविरुद्ध ब्राझील एका गोलने मागे असताना तो दोघांना हुलकावणी देतो आणि दुरूनच चेंडू असा हाणतो की गोलरक्षकाचे हात नुसते हवेत राहतात. ५ जुलै १९८२ रोजी बार्सेलोनात इटलीशी गाठ पडली. बरोबरी झाली तरी ब्राझील उपांत्य फेरीत जाणार होते. दोन-दोन अशी बरोबरी झालीही. शहाण्या माणसाने तिथे दार लावून घेतले असते. ब्राझीलला दार लावणे माहीतच नव्हते. ते पुढेच जात राहिले, रॉसीने तिसरा गोल केला आणि खेळ आटोपला. जिंकलेले अनेक संघ लोक विसरले, पण हा हरलेला संघ आजही आठवतात. मला विचाराल तर त्यात काही अन्याय नाही.

परंतु सोक्रातिसचा खरा डाव त्याच वर्षी क्लबात मांडला गेला होता. ब्राझीलमधील क्लबांत एक जुनी चाल होती. सामन्याच्या आदल्या दिवसांत साऱ्या खेळाडूंना, बायकामुले असलेल्या संसारी माणसांनाही, हॉटेलात जवळजवळ कोंडून ठेवीत. कधी जेवायचे, कधी झोपायचे, सारे वरून ठरे. लष्कराच्या राज्यात लहानसे लष्कर! क्लबाच्या नव्या कारभाऱ्यांपैकी आदिल्सन मोन्तेइरो आल्वेस हा समाजशास्त्राचा माणूस होता. त्याने खेळाडूंनाच विचारले, तुमचे काय म्हणणे आहे? एवढा प्रश्न पुरला. सोक्रातिस, कामगार संघटनेच्या कामात मुरलेला व्लादिमीर आणि अवघा एकोणीस वर्षांचा कासाग्रान्दे हे पुढे झाले आणि क्लबात मतदान सुरू झाले. जेवण किती वाजता, प्रवासात बस कुठे थांबवायची, नवा खेळाडू घ्यायचा की नाही, सगळ्यावर मत. कप्तानाचे एक मत, राखीव गोलरक्षकाचे एक मत आणि खेळाडूंचे कपडे धुणाऱ्याचेही एकच मत. बक्षिसाच्या रकमेतला वाटाही नोकरचाकरांपर्यंत पोचू लागला. संसारी खेळाडूंना कोंडणे बंद झाले.

हे सगळ्यांनाच रुचले असे नाही. पुढल्या वर्षी आलेला नामांकित गोलरक्षक लेआंव याला हा सारा प्रकार मुळीच पसंत नव्हता. कोणत्याही सभेत असा एक सभासद असतोच, आणि असावाही. पण १९८२ आणि १९८३ अशी लागोपाठ दोन वर्षे कोरिंथियन्सने प्रांताचे अजिंक्यपद पटकावले आणि क्लबाचे कर्जही फिटले. तेव्हा टीकाकारांची मोठी पंचाईत झाली.

गोष्ट क्लबाच्या भिंतीत मावणारी नव्हती. १९८२ च्या नोव्हेंबरात प्रांतांच्या गव्हर्नरांची निवडणूक होती. कोरिंथियन्सचे खेळाडू मैदानात उतरले ते पाठीवर ‘पंधरा तारखेला मतदान करा’ असे छापून. कुणाला मत द्या हे सांगितलेच नव्हते. नुसते मत द्या म्हणायलाही त्या देशात छाती लागत होती. पुढल्या वर्षीच्या अंतिम सामन्याला त्यांनी एक फलक धरला: जिंकू किंवा हरू, पण लोकशाहीनेच. गोल केल्यावर सोक्रातिस नाचत नसे, उड्या मारीत नसे. मूठ वळून उजवा हात वर, आणि चेहरा गंभीर.

१९८४ साली राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक व्हावी म्हणून ब्राझीलभर प्रचंड सभा झाल्या. इटलीच्या फिओरेन्तिना क्लबाचे बोलावणे सोक्रातिसच्या हाती आले होते. पैसा अर्थातच भरपूर. साओ पावलोच्या लाखोंच्या सभेत त्याने जाहीर केले, की थेट निवडणुकीची घटनादुरुस्ती संमत झाली तर मी देश सोडणार नाही. आयुष्याची कमाई अशी कायदेमंडळाच्या मतांवर लावणारा दुसरा खेळाडू मला ठाऊक नाही. २५ एप्रिल रोजी मतमोजणी झाली. ३२० मते हवी होती, २९८ पडली. बावीस मतांनी ठराव पडला, आणि डॉक्टर इटलीला गेला. तिथल्या शिस्तीत त्याचा जीव रमला नाही. एका हंगामात परत आला. तोवर, १९८५ च्या मार्चमध्ये, ब्राझीलमधील लष्करी राज्य संपले होते.

पुढच्या वर्षीच्या मेक्सिकोतील जागतिक स्पर्धेत तो कपाळाला पट्टी बांधून उतरला. तिच्यावर ‘मेक्सिको अजून उभा आहे’ असे लिहिलेले. आदल्या वर्षीच्या भूकंपाने त्या देशाची दैना केली होती. पेनल्टी मारताना तो धाव घेत नसे. चेंडूपाशी उभा राहून एकच पाऊल टाकी. पोलंडविरुद्ध अशीच मारली आणि गोल झाला. फ्रान्सविरुद्धही अशीच मारली. गोलरक्षकाने अडवली आणि ब्राझील बाहेर पडले. लोक म्हणाले, चार पावले मागे जाऊन मारायला काय झाले होते? लोकांचे ऐकून मारली असती तर ती सोक्रातिसची पेनल्टी कशी झाली असती!

आणि इथेच मला थांबून नाइलाजाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कुणाचा हुकूम न मानण्याचा हा बाणा मैदानावर सुंदर दिसला, देशाच्या कामी आला. पण माणसाला शरीर नावाचाही एक सोबती असतो, आणि त्याच्याशी सोक्रातिस लोकशाहीने वागला नाही. सिगारेट परत आली. बियर तर कधी गेलीच नव्हती. लोकांनी टोकले तर त्याचे उत्तर साधे असे: माझे आयुष्य माझे आहे. यकृत म्हणजे काय, त्याचे काय होते, हे त्याने परीक्षेला लिहिलेले होते. सांगणार कोण, आणि कुणाला? कपडे धुणाऱ्याच्या मताला मान देणारा हा माणूस आपल्याच यकृताचे मत मोजायला विसरला.

निवृत्तीनंतरचे त्याचे आयुष्य रंगीबेरंगी गेले. डॉक्टरकी केली, वर्तमानपत्री लेखन भरपूर केले, पन्नाशीला पोचल्यावर इंग्लंडमधील गारफोर्थ या लहानशा गावच्या संघाकडून कडाक्याच्या थंडीत बारा मिनिटे खेळूनही दाखवले! धाकटा भाऊ राई १९९४ साली जगज्जेत्या ब्राझीलच्या संघात होता. थोरल्याच्या हातून निसटलेला करंडक असा घरात आला. सोक्रातिसने स्वतःच्या धाकट्या मुलाचे नाव फिडेल ठेवले, तेव्हा एवढ्याशा पोराला हे नाव जरा भारी नाही का, असे आई म्हणाली. त्यावर त्याने, माझे नाव कोण ठेवले ते आठव, एवढेच तिला सुचवले म्हणतात.

२०११ च्या ऑगस्टपासून त्याच्या रुग्णालयाच्या वाऱ्या सुरू झाल्या. ४ डिसेंबरच्या पहाटे तो साओ पावलोत गेला, वय सत्तावन्न. वार रविवार होता. कोरिंथियन्स अजिंक्य होईल अशा एखाद्या रविवारी मरण यावे, असे तो पूर्वी बोलून गेल्याचे त्या दिवशी साऱ्या पत्रांनी छापले. संध्याकाळी कोरिंथियन्सचा हंगामातला अखेरचा सामना होता, कट्टर वैरी पाल्मेइरासशी. अजिंक्यपदाला बरोबरी पुरेशी होती. शिटी वाजण्यापूर्वी मैदानाच्या मध्यभागी खेळाडू गोल करून उभे राहिले. प्रत्येकाचा उजवा हात वर, मूठ वळलेली. मग सामना झाला. एकही गोल झाला नाही.