घरबसल्या कमाईच्या योजना : पैसा येतो कोठून, हे आधी तपासा

'दिवसाला केवळ अर्धा तास द्या आणि घरबसल्या दरमहा हजारो रुपये मिळवा,' अशा आशयाचा संदेश ज्याच्या मोबाइलवर कधीच आला नाही, असा शहरी माणूस आज विरळाच. कधी हा संदेश अनोळखी क्रमांकावरून येतो. अनेकदा मात्र कार्यालयातील सहकारी, सोसायटीतील शेजारी किंवा जवळचा नातेवाईकच योजनेची माहिती घेऊन येतो. आपल्या खात्यात जमा झालेली रक्कमही तो दाखवतो. अशा वेळी नकार देणे अवघड जाते आणि होकार देणे धोक्याचे वाटते. इंटरनेटवरील उत्पन्नाच्या सर्वच योजना खोट्या नसतात. त्यामुळे खरी कोणती आणि फसवी कोणती, हे ओळखण्याची कसोटी प्रत्येकाकडे असणे आवश्यक आहे.

ही कसोटी एका प्रश्नात सामावलेली आहे. सदस्यांना दिला जाणारा पैसा मुळात कोणाच्या खिशातून येतो? तो माल घेणाऱ्या ग्राहकाकडून किंवा जाहिरातदाराकडून येत असेल, तर पुढचा विचार करण्यास हरकत नाही. तो नव्याने येणाऱ्या सदस्यांच्या शुल्कातून येत असेल, तर योजना कितीही आकर्षक असली तरी ती कोसळणार हे निश्चित समजावे.

'स्पीक एशिया'चा धडा

या प्रश्नाचे महत्त्व 'स्पीक एशिया ऑनलाइन' या योजनेने भारतीय मध्यमवर्गाला दाखवून दिले. सिंगापूर येथे नोंदणी असलेल्या या कंपनीने २०१० मध्ये भारतात सदस्य जमवण्यास सुरुवात केली. वर्षाला ११ हजार रुपये भरणाऱ्या सदस्याने आठवड्याला दोन सर्वेक्षणांची उत्तरे संगणकावर भरायची आणि प्रत्येक सर्वेक्षणाचे ५०० रुपये मिळवायचे, असे योजनेचे स्वरूप होते. नवा सदस्य आणल्यास त्याचा मोबदला वेगळा मिळे.

सर्वेक्षणातील प्रश्न अगदी साधे असत. अशा उत्तरांसाठी ५०० रुपये कोण आणि का देईल, ही शंका मात्र फारच थोड्यांनी घेतली. ज्या नामवंत कंपन्या आपल्या ग्राहक असल्याचे सांगितले जात होते, त्यांपैकी काहींनी २०११ मध्ये तसा संबंध असल्याचा जाहीर इन्कार केला. त्याच सुमारास सदस्यांचे पैसे थांबले आणि प्रकरण मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे गेले. कंपनीने आरोप फेटाळले होते. पोलीस तपासानुसार सदस्यांची संख्या २० लाखांहून अधिक, तर जमा झालेली रक्कम २ हजार कोटी रुपयांहून अधिक होती.

गणित काय सांगते?

या योजनेचे गणित शाळकरी मुलालाही मांडता येईल. आठवड्याला एक हजार याप्रमाणे सदस्याला वर्षाला ५२ हजार रुपये द्यावे लागणार. त्याने भरलेले शुल्क ११ हजार. बाहेरून उत्पन्न नसेल, तर एका सदस्याचा वर्षभराचा मोबदला देण्यासाठी जवळपास पाच नव्या सदस्यांचे शुल्क खर्ची पडते. त्या पाच जणांसाठी पुढे २५, त्यांच्यासाठी १२५, अशी साखळी वाढत जाते. एका व्यक्तीपासून सुरू झालेल्या अशा साखळीला तेराव्या पायरीवर १२२ कोटी नवे सदस्य लागतात. आधीच्या पायऱ्यांवरील सदस्य त्यात मिळवले, तर हा आकडा देशाच्या लोकसंख्येपलीकडे जातो.

साखळी कोणत्याही टप्प्यावर थांबली, तरी एकूण सदस्यांपैकी सुमारे ८० टक्के लोक सर्वांत खालच्या पायरीवर असतात. त्यांनी पैसे भरलेले असतात, पण त्यांच्याखाली कोणीही आलेले नसते. 'लवकर आलात तर फायदा' या आवाहनाचा खरा अर्थ, उशिरा येणाऱ्यांच्या पैशांतून तुम्हाला फायदा होईल, असा असतो.

पहिला हप्ता हा पुरावा नव्हे

'मला पैसे मिळाले आहेत,' हा सर्वांत प्रभावी युक्तिवाद ठरतो. मात्र फसव्या योजनेतही सुरुवातीला पैसे मिळतातच. अमेरिकेतील बॉस्टन शहरात १९२० मध्ये चार्ल्स पाँझी याने ४५ दिवसांत ५० टक्के नफ्याचे आश्वासन दिले होते. आधीच्या लोकांना त्याने नंतरच्या लोकांच्या पैशांतून परतावा दिला आणि त्यामुळेच त्याच्या दारी रांगा लागल्या.

अलीकडच्या 'टास्क' प्रकारातही हेच तंत्र दिसते. व्हिडीओला पसंती दर्शवण्यासाठी किंवा हॉटेलला चांगला शेरा देण्यासाठी आधी शे-दोनशे रुपये खात्यात जमा होतात. विश्वास बसला की 'मोठे काम' मिळवण्यासाठी आगाऊ रक्कम भरण्यास सांगितले जाते. संकेतस्थळावर नफ्याचा आकडा वाढत राहतो, पण तो काढण्यासाठी आणखी पैसे भरावे लागतात. गुंतवणूक आणि अर्धवेळ कामाच्या नावाखाली फसवणूक करणारी १०० हून अधिक संकेतस्थळे केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये बंद केली होती.

खऱ्या मार्गांची ओळख

इंटरनेटवरून प्रामाणिकपणे मिळवता येणारे उत्पन्न आहे. त्याला वेळ मात्र लागतो. यूट्यूबवरील जाहिरातींचा वाटा मिळण्यासाठी किमान १००० सदस्य आणि वर्षभरात ४००० तासांचे प्रेक्षण, किंवा ९० दिवसांत लघुचित्रफितींना १ कोटी दर्शक, अशी अट आहे. एखाद्या दुकानाच्या वस्तूची शिफारस करून विक्रीवर दलाली मिळवण्याची पद्धतही रूढ आहे. अशा ठिकाणी पैसा जाहिरातदाराकडून किंवा ग्राहकाकडून येतो आणि यूट्यूबसारख्या ठिकाणी सहभागासाठी शुल्क भरावे लागत नाही. अनेक महिन्यांच्या श्रमानंतरही उत्पन्न तुटपुंजे राहू शकते, हेही लक्षात घ्यावे.

महागड्या अभ्यासक्रमांबाबत विशेष दक्षता हवी. 'कमाई कशी करावी' हे शिकवणारा अभ्यासक्रम विकत घ्यायचा आणि पुढे तोच इतरांना विकून दलाली मिळवायची, अशी रचना असेल, तर ती साखळीच होय. नवा सदस्य न आणता किती उत्पन्न मिळेल, असा थेट प्रश्न विचारावा. त्याचे आकड्यांत उत्तर मिळाले नाही, तर तेथून उठावे.

नोंदणी आणि कायदा

कंपनीचे नोंदणी प्रमाणपत्र, पॅन किंवा जीएसटी क्रमांक दाखवून विश्वास संपादन केला जातो. कंपनी कागदावर अस्तित्वात आहे, एवढेच त्यातून सिद्ध होते. लोकांकडून ठेवी घेण्याचा परवाना त्यातून मिळत नाही. गुंतवणुकीची योजना असेल, तर 'सेबी'कडील नोंदणी तपासावी. ठेवी घेण्यास कोणाला परवानगी आहे, हे रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' संकेतस्थळावर पाहता येते.

सदस्याची कायदेशीर बाजूही फारशी सुरक्षित नसते. १९७८ च्या कायद्यानुसार पैशांची साखळी योजना चालवण्यास बंदी आहेच, शिवाय तिचा सदस्य होण्यास आणि इतरांना सामील करून घेण्यासही मनाई आहे. अनियंत्रित ठेव योजनांवर २०१९ च्या कायद्याने बंदी घातली आहे, तर थेट विक्रीच्या नावाखाली पिरॅमिड योजना राबवण्यास २०२१ च्या नियमांनी मज्जाव केला आहे. त्यामुळे भावाला किंवा मित्राला योजनेत आणणारा माणूस त्याच्या नुकसानीस कारणीभूत ठरतोच, शिवाय स्वतः चौकशीच्या फेऱ्यात सापडू शकतो.

पैसे गेलेच, तर लाजेपोटी गप्प राहू नये. तातडीने १९३० या मदत क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करावी व बँकेलाही कळवावे. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता अधिक. संदेश, व्यवहाराचे क्रमांक आणि पावत्या जपून ठेवाव्यात.

निर्णय घेण्यापूर्वी घरातील सर्वांसमोर योजनेचा हिशेब कागदावर मांडावा. पैसा कोणाकडून येतो आणि तो देणाऱ्याला त्या बदल्यात काय मिळते, या दोन रकान्यांत लिहिण्याजोगे काही सापडले नाही, तर कष्टाची बचत बँकेतच राहू द्यावी.